तंबूबाहेरची सायकल

सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचं सगळं घर सायकलवर असतं. मागे तंबू, दोन्ही बाजूंना पिशव्या, कॅरिअरवर वाळत घातलेला टॉवेल आणि हँडलला लटकणारी केळी. दिवसभर हे घर चाकांवर पळतं. रात्री मात्र उलटं होतं. एका माणसाच्या तंबूत माणूस मावतो, त्याच्या पिशव्या कशाबशा मावतात, पण सायकल मावत नाही. ज्या एका वस्तूवाचून सकाळी आपण जागचे हलू शकत नाही, नेमकी तीच कापडाच्या पलीकडे अंधारात उभी राहते.

नाशिकला सायकलींचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून ते आणखी वाढलं. आषाढीच्या आधी इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. हिवाळा लागला की तंबू बांधून कुणी त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूचा समुद्र गाठतं, कुणी वणीवरून सापुताऱ्याला चढतं, कुणी घोटीवरून भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी मुक्कामाला जातं. आणि पहिल्यांदा निघणारा प्रत्येक जण जुन्या भिडूला एकच प्रश्न विचारतो: रात्री सायकलचं काय करायचं?

मलाही विचारतात. यातल्या ‘कसं’चं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो.

कुलूप मागचं चाक आणि सायकलचा सांगाडा अशा दोन्हींतून घ्यायचं आणि झाडाला, खांबाला, काहीच नसेल तर सोबत्याच्या सायकलला बांधायचं. पुढचं चाक खटका फिरवून निघणारं असेल तर तेही त्याच केबलमध्ये ओवायचं, नाहीतर काढून तंबूत घ्यायचं. दिवे, मीटर, पंप रात्री सायकलवर ठेवायचे नाहीत. तंबूची एक दोरी सायकलला बांधायची, म्हणजे सायकल हलली की तंबू हलतो. सीटवर स्टीलचं भांडं पालथं घालायचं. पडलं की अख्खी आळी उठते. गिअर सगळ्यात जड ठेवायचा, म्हणजे बसून पळणारा पहिल्या दोन पायडलांतच अडखळतो. वरून गडद प्लास्टिक टाकायचं, कारण जाणाऱ्या गाडीच्या उजेडात आधी रिफ्लेक्टर चमकतात. आणि घरून निघण्याआधी, पायडल जिथे फिरतात त्या नळीच्या खाली कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवायचा. सायकलला मोटारीसारखी नंबरप्लेट नसते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत, आता तोही गेला. उद्या पोलिसांसमोर ‘ही माझीच’ असं सांगायची वेळ आली, तर हाच आकडा उपयोगी पडतो.

यातलं काहीच अभेद्य नाही. हलकी केबल साध्या कटरने काही सेकंदांत तुटते. यू-लॉक तुटायला वेळ लागतो, पण त्याचं वजन घाटात मांड्यांना कळतं. कुलूप फार तर चोराचा वेळ खातं आणि त्याला आवाज करायला लावतं. एवढ्यावर समाधान मानायचं.

जागेबद्दल दोन मतं आहेत. एक मत सांगतं, कुणाला दिसूच नका: अंधार पडल्यावर रस्ता सोडून आत शिरा, पहाटे उजाडायच्या आत निघा. परदेशातल्या ओसाड प्रदेशांत हे जमत असेल. आपल्याकडे ओसाड असं काही नसतंच. जे रान तुम्हाला रिकामं वाटतं, तिथे रात्री दोन वाजता कुणीतरी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला येतं, कारण शेतीची वीज अनेकदा रात्रीच असते. मग अंधारात तो तुम्हाला दचकतो आणि तुम्ही त्याला. म्हणून मी दुसऱ्या मताचा. दिवसाउजेडी गावात पोचायचं, चहा घ्यायचा, पोलीस पाटलाचं किंवा सरपंचाचं घर विचारायचं आणि रीतसर जागा मागायची. देवळाचा सभामंडप, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, पेट्रोल पंप, धाबा. शे-दोनशे माणसांनी तुम्हाला पाहिलेलं असणं, हे कुठल्याही कुलपापेक्षा भक्कम असतं.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मला शाळेचा व्हरांडा मिळाला होता. जागा देणाऱ्या बाबांनी पाण्याचा हंडा आणून ठेवला, घरून नागलीची भाकरी आली. जेवण झाल्यावर मी रोजच्यासारखी सायकल व्हरांड्याच्या खांबाला लावली आणि कुलूप काढलं. बाबा बघत होते. म्हणाले, “भाऊ, आमच्या गावात चोर नाहीत.”

आवाजात राग नव्हता. पण ज्याच्या घरची भाकरी पोटात आहे, त्याच्या डोळ्यांदेखत आपण किल्ली फिरवत असतो, तेव्हा त्या कुलपाचा अर्थ काय होतो? मी ज्या चोराला घाबरतो त्याला चेहरा नाही. चेहरे आहेत ते या माणसांना. मैलभर परिसरात दुसरं कुणी नाही. मग हे कुलूप नेमकं कुणाला उद्देशून आहे?

हा प्रश्न नाशिकइतका जुना आहे असं मला वाटतं. पंचवटीतली पर्णकुटी हाही एक मुक्कामच होता. वनवासातल्या तीन माणसांनी गोदाकाठी झाडपाल्याची खोली बांधली होती, तिला कडी-कोयंडा नव्हता. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत लक्ष्मण जमिनीवर रेषा ओढून जातो. वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही. तिथे संन्याशाच्या वेषातला माणूस दारात येतो आणि सीता त्याला अतिथी समजून आसन देते, पाणी देते. लोकांनी कथेत मागाहून रेषा घातली ती कदाचित या अस्वस्थतेतूनच. दारी आलेल्याला अतिथी मानावं तर धोका, चोर मानावं तर अधर्म, आणि दोघांचा वेष एकच.

पण आपल्या बाबतीत गंमत अशी की वेष बदलून आलेला परका मीच असतो. हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट कपडे, न समजणारं सामान. पाड्याने मला अतिथी मानलेलं असतं. धोका त्यांनी आधीच पत्करलेला असतो आणि कुलूप काढतो मी.

मग कुलूप लावूच नये का? विश्वासाला विश्वासानेच उत्तर द्यावं?

असं म्हटलं की शनिशिंगणापूरचं नाव निघतं. नाशिकहून शिर्डीमार्गे तिकडे जाणारे सायकलवाले पुष्कळ आहेत. घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून देशभर गाजली. पण त्या चौकटीसमोर उभं राहून विचार केला तर लक्षात येतं, तिथे कुलूप नाही असं म्हणता येणार नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धा म्हणजेच तिथलं कुलूप, आणि त्याची किल्ली देवाकडे आहे. गावाचा एकमेकांवर विश्वास असेलही, पण दार न लावण्याचं कारण विश्वास नव्हे, धाक आहे. पुढे तिथेही चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं. तेव्हा उघडी चौकट पाहून ‘इथली माणसं चांगली’ आणि बंद दार पाहून ‘इथली माणसं वाईट’ असा हिशेब मांडता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सांगून ठेवणं. “जरा लक्ष असू द्या हं.” आपण सगळेच हे किती सहज म्हणतो! चहाच्या टपरीवर, देवळापाशी चपला काढताना, एसटीत बॅग ठेवून उतरताना. सायकलप्रवासात तर रोज. पण या चार शब्दांनी काय होतं ते पाहा. टपरीवाल्याने माझ्याकडून पैसे घेतलेले नाहीत, तो रखवालदार नाही, तरी आता सायकल गेली तर उत्तर त्याला द्यावं लागणार. माझी वस्तू मी त्याच्या इमानावर ठेवली. त्याला कौल न विचारता. रात्री त्याने उठून एकदा बघायला हवं होतं का? त्याचा मुलगा बाहेर गेला होता तो कुठे? मी सकाळी निघून जाईन, पण हे प्रश्न त्याच्या अंगणात राहतील.

विचार करता करता मला वाटायला लागलं की सायकल चोरीला जाणं हा या प्रकरणातला लहान भाग आहे. सायकलीची किंमत असते, ती मोजता येते. मोठा भाग असतो संशय. तो मोजता येत नाही आणि तो परतही करता येत नाही.

एका मित्राने सांगितलेला प्रसंग आहे. तलावाकाठच्या एका तळावर त्यांचा गट उतरला होता. रात्री एकाचा महागडा दिवा सापडेना. कुणी काही ठरवून केलं नाही, पण दहा मिनिटांत सगळ्यांच्या नजरा भांडी घासणाऱ्या मुलाकडे वळल्या. तळ चालवणाऱ्याने त्याला बोलावून खिसे उलटे करायला लावले. पोराने केले. खिशात एक लिमलेटची गोळी निघाली. सकाळी आवराआवर करताना दिवा मोज्यात सापडला, ज्याचा होता त्याच्याच. तोवर मुलगा कामावर आला नव्हता. वस्तू मिळाली. त्या मुलाचं जे गेलं ते परत करायला कुणीही थांबलं नाही.

हा संशय कुणावरही सारखा पडत नाही. उताराच्या पाण्यासारखा तो ठरलेल्या वाटेने जातो. गावात काही हरवलं की पहिली थाप कुणाच्या पालावर पडते, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्माने चोर ठरवल्या. त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी केली. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवलं, त्या भागाला अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला, पण थाप पडायची थांबली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नावच मुळी दुसऱ्यांनी त्यांच्या जमातीला चिकटवलेला शिक्का आहे. यात एक क्रूर विनोद असा की आज विमुक्त जातींच्या यादीत असलेल्या रामोशांकडे एके काळी गावांची आणि गडांची राखण असे. ज्यांच्या भरवशावर गाव झोपायचं, त्यांनाच कायद्याने चोर म्हटलं.

पंचवटीतच काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, आणि देवळाची दारं बंद केली गेली. आत काही चोरीला जाणार होतं म्हणून नव्हे, बाहेर कोण उभं आहे म्हणून. ज्या दाराला वस्तू राखायची नसते, माणसंच अडवायची असतात, ते दार कसं दिसतं हे नाशिकने पाहिलेलं आहे.

आता सायकलकडे परत येतो. १९४८ मधला ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. युद्धानंतरच्या रोममधला बेकार अंतोनियो. भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. सायकलचा छाप आहे ‘फिदेस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विश्वास. लोकांना शेवट आठवतो: हताश अंतोनियो स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पकडला जातो. मला मात्र त्याआधीचा भाग जास्त छळतो. अंतोनियो एका गरीब वस्तीत शिरून एका पोराची गचांडी धरतो. पोराला झटका येतो, आळी जमते, पोलीस येतो, घर तपासतो. सायकल मिळत नाही. पोर दोषी होतं की नव्हतं? पुरावा काहीच नाही. त्या क्षणी अंतोनियोच्या हातून दोन गोष्टी गेलेल्या असतात आणि दुसरी गोष्ट चोराने नेलेली नसते.

म्हणून आता मी कुलपाकडे वेगळ्या नजरेने बघतो. चोरीचा दोष संपूर्णपणे चोराचा. सायकल उघडी ठेवली म्हणून चोरी झाली, असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पण संशयाचं तसं नाही. चोरी झाल्यावर माझं मन कुणाकडे वळेल, मी कुणाचं नाव घेईन, पोलीस पाटील कुणाच्या घरी जाईल, यात माझा हात असतो. कुलूप लावणं म्हणजे त्या दिवसाची शक्यता माझ्या बाजूने कमी करणं. सगळ्यात आधी ते माझ्या मनाला लावलेलं असतं. रात्री दोनला काहीतरी खुट्ट झालं, तर पलीकडच्या घरातल्या पोराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येऊ नये, यासाठी.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच पटण्यासारखा वाटतो. एवढा जीव कशाला अडकवायचा? याच गोदावरीच्या काठी, खाली पैठणला, एकनाथांच्या घरात चोर शिरल्याची कथा सांगतात. नाथांनी त्यांना जेवू घातलं आणि बोटातली अंगठीही काढून दिली. गांधीजी तर १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत सांगतात की गरजेपेक्षा जास्त बाळगणं हीदेखील चोरीच. माझी सायकल त्या पाड्यावरच्या कित्येक घरांच्या वर्षाच्या रोकड कमाईशी तुलना करावी इतकी महाग. मग चोर नक्की कोण?

आक्षेप खरा आहे, पण नाथांचं औदार्य पेलायचं तर एक अट आहे: गेल्यावर शोधायचं नाही. मनातसुद्धा नाही. ज्याला सायकल गेल्यावर पाठीवर पिशवी टाकून हसत एसटी पकडता येते, त्याने खुशाल उघडी ठेवावी. मला तसं जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी तक्रार करीन, चार जणांना विचारीन, रागवीन. अपरिग्रह अंगी नसताना नुसतं कुलूप न लावणं म्हणजे आपलं वैराग्य दुसऱ्याच्या जिवावर उभं करणं.

कायदाही याच वळणावर थोडा विचार करताना दिसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक सोय आहे. चोरलेली वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच शाबीत झाला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पहिल्यांदा घसरलेल्या पोराला तुरुंगापासून वाचवणारी ही तरतूद मला आवडते. तरी पाच हजारांची रेघ मनात खुपते. दूधवाल्याची जुनी काळी सायकल त्या रेघेच्या आत बसते, माझी बाहेर. माझी गेली तर माझी सुट्टी बुडते. त्याची गेली तर त्याचा धंदा बुडतो. नुकसान किमतीने मोजायचं की गरजेने, याचं उत्तर कलमात मावत नाही. पण तंबू ठोकताना ते आठवावं. गावातल्या सायकलीही बाहेरच उभ्या असतात, बहुतेक बिनकुलपाच्या.

तर नव्याने निघणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो. कुलूप लाव, पण चोरून लावू नकोस. यजमानाच्या समोर, बोलत बोलत लाव. महागडं सामान मिरवू नकोस, पोरांना मात्र सायकलवर एक चक्कर मारू दे. ‘लक्ष ठेवा’ असं कुणाला म्हणू नकोस; ‘मी इथे झोपतोय, काही लागलं तर हाक मारीन’ असं म्हण. पहिल्या वाक्याने तू त्यांच्यावर ओझं टाकतोस, दुसऱ्याने सोबत मागतोस. रात्री काही सापडलं नाही तर आधी स्वतःच्या सगळ्या पिशव्या रिकाम्या कर, मोज्यांसकट. आणि खरंच चोरी झाली तर पोलिसांना वस्तूचं वर्णन दे, क्रमांक दे, वेळ सांग. ज्याला हात लावताना पाहिलं नाहीस, त्याचं नाव देऊ नकोस.

पेठच्या त्या बाबांना मी म्हणालो होतो, “बाबा, चोर नाहीत हे माहीत आहे. पण उद्या ही गेली तर माझ्या डोक्यात कुणाचं तरी नाव येईल ना? ते यायला नको.” त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, “लाव मग. नीट लाव.”